मास्तरणीची बदकं

बारावीत मी दुसऱ्यांदा नापास झाले, त्याच दिवशी आमच्या घरी पहिली कोंबडी आली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही असं मी पुढे बरीच वर्षं लोकांना सांगत आले, पण संबंध होता. निकालाचा कागद घेऊन मी घरी आले. आईनं तो पाहिला, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली आणि ती वांग्यांना पाणी घालायला मागे निघून गेली. मी ओसरीवर बसून मोठ्यानं रडायला लागले. रडण्याचा पेपर असता तर मी बोर्डात आले असते. शेजारच्या जुबेदाखालानं भिंतीवरून डोकं वर काढून विचारलं, "काहून रडून राह्यली वं बेबी? कोन गेलं?" मी म्हटलं, "मी नापास झाली." खालाला एकदम हायसं वाटलं. "या अल्ला! मले वाटलं कोनी मेलं." ती आत गेली आणि थोड्या वेळानं एक तांबडी कोंबडी काखेत घेऊन आमच्या दारात उभी राहिली. "घे. हे माह्या कोंबड्याइत राहत नाही, साऱ्याइले टोचते. तुह्याजवळ राहू दे. तुहा जीव रमन अन माह्या घरची कटकट जाईन."

आमचं घर कारंज्याच्या टोकाला, मानोऱ्याच्या रस्त्यावर. पुढे दोन खोल्या, ओसरी, आणि मागे लांबच लांब जागा. त्या जागेत आईची बाग होती. वांगी, मिरच्या, अंबाडी, मेथीचे वाफे, दोडक्याचा मांडव, कोथिंबीर, आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेला मोगरा. सकाळी आई आधी बागेशी बोलायची, मग आमच्याशी. बाबा एसटीत कंडक्टर होते. पहाटेची अजान झाली की त्यांच्या पितळी लोट्याचा आवाज, मग खाकी शर्ट झटकल्याचा, मग चामडी पिशवीतल्या चिल्लरचा. थोड्या वेळानं जिनिंगचा भोंगा व्हायचा आणि आई ज्वारीच्या भाकरी थापायला बसायची. तव्यावर भाकर, निखाऱ्यावर मिरच्या, आणि पाट्यावर त्याच मिरच्यांचा ठेचा. मी हे सगळं अंथरुणात पडून ऐकायची. नापास मुलीनं लवकर उठावं असं कोणाला वाटत असेलही, पण मला तसं कोणी स्पष्ट सांगितलं नव्हतं.

घरात कोंबडीच्या आधीही जनावरं होती. डेपो नावाचा एक कुत्रा होता. तो एका संध्याकाळी बाबांच्या मागे डेपोपासून घरापर्यंत चालत आला आणि परत गेलाच नाही. एक मांजर होती, ती खालाची होती पण जेवायला आमच्याकडे यायची. आणि ओसरीवर पिंजऱ्यात पोपट होता. आता पोपट पाळणं गुन्हा आहे हे मला माहीत आहे. माझी नात मला ते दर वेळी बजावते, जणू तो पोपट मी कालच पकडून आणला. आमच्या त्या पोपटाला देवाचं नाव शिकवायचा आईनं पुष्कळ प्रयत्न केला. तो शिकला मात्र बाबांकडून. "पुढं सरका, पुढं सरका" आणि "सुट्टे काढा" एवढी दोनच वाक्यं त्याला येत, पण ती तो बाबांच्याच आवाजात, बाबांइतक्याच वैतागानं म्हणायचा.

कोंबडीचं नाव मी मास्तरीण ठेवलं, कारण ती मान वाकडी करून एका डोळ्यानं माझ्याकडे बघायची आणि आमच्या इंग्रजीच्या बाई अगदी तशाच बघायच्या. मास्तरणीला करमत नसेल म्हणून मी खालाकडून आणखी दोन कोंबड्या आणि एक कोंबडा मागून आणला. मग मी घरात भाषणं द्यायला सुरुवात केली. कोंबड्या किडे खातात, कोंबड्यांचं खत सोन्यासारखं असतं, बाग दुप्पट होते. हे मी कुठेतरी अर्धंमुर्धं वाचलं होतं. मी बरंचसं अर्धंमुर्धंच वाचायची, निकाल त्यामुळेच तसा लागला होता. पहिल्याच दिवशी कोंबड्यांनी मेथीचा एक वाफा मुळासकट उकरून काढला. आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "किडे खातीन म्हनत होती ना वं तू? किडे हायेत तथीच. मेथी गेली."

मी जुन्या पोत्यांचं कुंपण केलं. मास्तरीण त्यावरून उडून गेली. खाला म्हणाली, पंख काप. मी कात्री घेऊन बसले आणि मोठ्या काळजीनं तिच्या शेपटीची पिसं कापली. का कापली हे आजही सांगता येत नाही. माझी अशी समजूत होती की शेपटी म्हणजे सुकाणू, ते नसलं की तिला दिशा कळणार नाही. मास्तरीण तशी बुचकी, पण सरळ रेषेत उडत जाऊन आईच्या मिरच्यांत उतरली. खाला भिंतीला धरून हसत राहिली. तिचेही उपाय काही फार बरे नव्हते. कोंबडी शिंकली तर हळद, लंगडली तर हळद, अंडं दिलं नाही तर भातात हळद. काही दिवस आमच्या कोंबड्या हळदीला बसल्यासारख्या दिसत होत्या.

अंडी मात्र झाली. आमच्या घरात अंडं चालायचं, पण वेगळ्या भांड्यात आणि मागच्या अंगणातल्या चुलीवर. आई त्या भांड्याला हात लावत नसे. त्यामुळे ड्यूटीवरून आले की बाबा "जरा चाचाले भेटून येतो" म्हणून खालाच्या ओसरीवर जायचे. खालाचा नवरा बांगड्यांच्या दुकानातून तोवर आलेला असायचा. खाला कांदा काळा होईपर्यंत भाजून, त्यात खोबरं आणि काळा मसाला वाटून अंड्याचं सालन करायची. वर तेलाचा लाल तवंग, आणि त्यात बाबा आमच्याच घरची भाकर बुडवून खायचे. वास भिंतीवरून आमच्याकडे यायचा. आई कढीला फोडणी देता देता म्हणायची, "भेट झाली वाट्टे चाचाची."

बदकं बाबांनी आणली. कोण्या प्रवाशानं त्यांना सांगितलं की बदक जमीन उकरत नाही, गोगलगाई तेवढ्या वेचून खातं. आई आणि मी, दोघींचंही समाधान होईल असा प्राणी मिळाला म्हणून बाबा खूश झाले आणि मानोऱ्याच्या बाजारातून त्यांनी एक जोडी घेतली. टोपलीत घालून ती त्यांनी आपल्याच बसमध्ये आणली आणि स्वतःच्या हातानं स्वतःला सामानाचं तिकीट फाडलं. घरी आल्यावर बदकांच्या आधी त्यांनी आईला ते तिकीट दाखवलं. "उद्या कोनी म्हनायले नको का कंडक्टरनं फुकट आनले." बसमध्ये बदकं सारा रस्ता ओरडत होती आणि एका म्हातारबुवांनी "हे कोनतं हार्न होय?" म्हणून विचारलं, हेही त्यांनी सांगितलं. बाबा फारसं हसत नसत. त्या दिवशी ते हसले.

बदकं उकरत नव्हती हे खरंच होतं. ती फक्त चालत होती. पण ती ज्या वाफ्यातून चालत जात तो वाफा इस्त्री केल्यासारखा होई, आणि कोथिंबिरीवर तर ती दुपारची झोपच काढत. शिवाय त्यांना पाणी हवं. आमच्याकडे नळ एक दिवसाआड. मी त्यांच्यासाठी घमेलं भरून ठेवलं, त्यात एका वेळी एकच बदक मावायचं, दुसरं बाहेर उभं राहून तक्रार करायचं. कपडे भिजवलेल्या बादलीत ती चोच घालत, न्हाणीच्या दारात चिखल करत, आणि तो चिखल पायांनी ओसरीपर्यंत आणून आईच्या सारवणावर नक्षी काढत. आई म्हणाली, "कोंबड्या बऱ्या होत्या." हे वाक्य ऐकायला मला इतके दिवस वाट पाहावी लागली होती, आणि तेही बदकांमुळे.

बदकीण अंडी द्यायची, पण जिथे असेल तिथे. वांग्याखाली, पायरीवर, एकदा बाबांच्या चपलेत. ती उबवायला बसायचं नाव घेईना. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की मास्तरीण खुडूक झाली आहे, उबवायला बसायला तयार आहे, तिच्याखाली बदकाची अंडी ठेवावी. मास्तरणीनं एका डोळ्यानं अंड्यांकडे पाहिलं, दुसऱ्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि ती बसली. कोंबडीची पिलं अंड्यातून बाहेर यायला जितके दिवस लागतात त्यापेक्षा बदकाच्या पिलांना आठवडाभर जास्त लागतो, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. खालालाही नव्हतं. ठरल्या वेळी काही झालं नाही तेव्हा मी घरात जाहीर केलं की अंडी वाया गेली, आणि दोष मास्तरणीचा आहे, तिनं मन लावून काम केलं नाही. बाबा जेवता जेवता थांबले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "असं असते व्हय?" आणि त्यांनी पुढचा घास घेतला.  मास्तरीण मात्र उठली नाही. ती वाळत चालली, तिचा तुरा फिका पडला, दाण्यापुरती उठायची आणि परत जाऊन बसायची. आणि एका दुपारी तिच्या पोटाखालून पिवळी, चपट्या चोचीची पिलं डोकवायला लागली.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात विद्वत्तेचे दिवस. गल्लीतले लोक कोंबडीची बदकं बघायला यायचे आणि मी त्यांना माहिती द्यायची. बदकाचं पिलू जन्मापासून पोहतं, त्याला शिकवावं लागत नाही, पाणी हेच त्याचं घर, वगैरे. प्रत्यक्षात मी त्यांना ताटलीभर पाण्यापलीकडे काही दाखवलं नव्हतं, कारण खालानं सांगितलं होतं की सर्दी होईल. मास्तरीण त्यांना उकरायला शिकवायची, ती नुसती बघायची. मास्तरीण दाणा दाखवून कुकू करायची, ती ताटलीतल्या पाण्यात डोकी घालायची. तिचा चेहरा मला पुन्हा इंग्रजीच्या बाईंची आठवण करून द्यायचा. दोघींच्या वर्गात शिकवलेलं डोक्यात न शिरणारे विद्यार्थी होते, त्यातली एक मी.

अशात भगवानमामांनी माझ्यासाठी स्थळ आणलं. भगवानमामा आईचे लांबचे भाऊ, आणि सोयरिका जुळवण्याचा त्यांना नादच होता. मुलगा मानोऱ्याकडचा, खतांच्या दुकानात हिशेब लिहायचा. घरी ओलिताची शेती. आईनं त्या दिवसासाठी घर सारवलं, वांग्याची भाजी, वरण आणि रोडगे केले, आणि मला एकच गोष्ट चार चार वेळा सांगितली: "एकबी पाखरू बाहेर दिसलं नाही पाह्यजे." मी कोंबड्या आणि मोठी बदकं डालग्याखाली झाकली, वर दगड ठेवला. मास्तरणीला आणि पिलांना न्हाणीत कोंडलं. पिलं आता मुठीपेक्षा मोठी झाली होती. न्हाणीच्या दाराला कडी नव्हती, म्हणून मी तिथे बादली लावली. रिकामी बादली. भरलेली लावली असती तर हे प्रकरण लिहावं लागलं नसतं.

पाहुणे जीपनं आले. मुलगा, त्याचे वडील, आणि त्याची आत्या. आत्याबाई अंगानं भक्कम, नऊवारीतल्या, आवाज शेतातून घरी ऐकू जाईल असा. त्यांनी आल्या आल्या माझी हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे वळवलं आणि "बरी हाये" असं सगळ्यांना सांगितलं. मी आईचं जांभळं पातळ नेसले होते आणि पोह्यांच्या ताटल्या घेऊन उभी होते. मुलगा खाली बघत होता. मुलाचे वडील सावकाश देण्याघेण्याच्या विषयाकडे वळले, "आमची तशी काही मागनी नाही, पन रीत म्हनून..." एवढं म्हणाले, आणि पिंजऱ्यातून बाबांचा आवाज आला, "सुट्टे काढा!" बाबा तर त्यांच्यासमोर तोंड मिटून बसले होते. पाहुण्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी पोपटाकडे पाहिलं. पोपट म्हणाला, "पुढं सरका." आत्याबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, आणि मला वाटलं, हे जमणार.

तेवढ्यात मागून मास्तरणीचा आवाज आला. कोंबडीचे आवाज मला तोवर सगळे ओळखू यायला लागले होते. अंडं दिल्याचा, घार दिसल्याचा, मांजर जवळ आल्याचा. हा त्यातला कुठलाच नव्हता. ती किंचाळत होती, मधे श्वास घ्यायलाही थांबत नव्हती. मी पोह्यांची ताटली मुलाच्या हातात दिली. तेवढं भान होतं. आणि मी धावले.

आमच्या मागच्या कुंपणापलीकडे संत्र्याची बाग होती, आणि बागेच्या तोंडाशी जमिनीत बांधलेलं पाण्याचं सिमेंटचं टाकं. वीज असेल तेव्हा विहिरीतून पाणी त्यात भरून ठेवत. त्या दिवशी ते काठोकाठ भरलेलं होतं. मास्तरीण काठावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत होती, पंख पसरलेले, मान लांब, पाण्यात पाय घालायची आणि मागे घ्यायची. आणि तिची सगळी पिलं टाक्याच्या मध्यभागी, खोल हिरव्या पाण्यावर.

आता मी काय केलं ते सरळ सांगते. गल्लीतल्या प्रत्येक माणसाला बोलावून बोलावून बदक जन्मापासून पोहतं असं सांगणारी मी, त्या बदकांना बुडण्यापासून वाचवायला टाक्यात उडी मारली. मला पोहता येत नव्हतं. आईच्या जांभळ्या पातळासकट मी खाली गेले. तळाला पाय लागले तेव्हा पाणी डोक्याच्या वर होतं. मी वर आले, हात मारले, भिंतीला धरायला गेले तर भिंतीवर बोटभर शेवाळ, हात निसटला. पाणी नाकातोंडात गेलं. दुसऱ्यांदा वर आले तेव्हा मला एवढंच दिसलं की पिलं एका ओळीत, अगदी निवांत, माझ्यापासून दूर पोहत चालली आहेत. मी पाणी फार हलवत होते ना. मग डेपो कुत्र्यानं मला वाचवायला उडी मारली आणि तो माझ्या डोक्यावर चढला.

तिसऱ्यांदा खाली गेले तेव्हा मला भीती वाटली. तोवर वाटली नव्हती. कानात नुसता घुमल्यासारखा आवाज आणि छातीत आग. मी मरत आहे असा स्पष्ट विचार आला, आणि त्यामागोमाग, अगदी खरं सांगते, असाही की पोह्यांत मीठ घालायचं राहिलं. मग केसांना हिसका बसला. आत्याबाई काठावर पालथ्या पडल्या होत्या, त्यांनी माझी वेणी मनगटाला गुंडाळली होती. त्यांचे पाय जुबेदाखालानं धरले होते. ती भिंतीवरून उडी मारून आली होती, वयाच्या पन्नाशीत. खालाच्या कमरेला आईनं मिठी मारली होती. "ओढ वं बाई, ओढ!" खाला ओरडत होती. "हात दे, हात दे पोरी! सोडू नोको!" आत्याबाई ओरडत होत्या.  आईच्या तोंडून नुसता एक आवाज निघत होता, आणि तो मी त्या दिवशी आधी एकदा ऐकला होता. बाबा आणि मुलाचे वडील धावत पोचले तोवर मी काठावर आले होते. मुलगाही आला होता. त्याच्या हातात पोह्यांची ताटली तशीच होती. त्यानं टाक्यात वाकून पाहिलं आणि विचारलं, "किती खोल असन?" सगळ्या कार्यक्रमात तो तेवढंच बोलला. पुढे माझं ज्यांच्याशी लग्न झालं त्यांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनीही थोडा वेळ विचार करून विचारलं, "पण खरंच, किती खोल होतं?" पुरुषांना काही गोष्टी कळल्याशिवाय चैन पडत नसावी.

मी जमिनीवर पडून हिरवं पाणी ओकत होते. आईनं मला उलटं केलं, पाठीवर गुद्दे मारले, पाणी निघेपर्यंत मारले, आणि निघाल्यावरही मारले. "मेली असती ना वं! कायले उडी मारली? कायले?" मी म्हटलं, "पिल्लं बुडत होती." सगळ्यांनी टाक्याकडे पाहिलं. पिलं पोहत होती. कोणी हसलं नाही, हे त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. खालानं टोपलीनं एकेक पिलू काढलं. तेव्हा कळलं की तीही भिजून गार झाली आहेत, थरथरत आहेत. कोंबडीनं वाढवलेल्या पिलांच्या पिसांना बदकिणीच्या अंगचा तेलकटपणा मिळत नाही, पाणी त्यांच्या अंगात मुरतं, हे मी फार पुढे वाचलं. म्हणजे थोडा वेळ गेला असता तर ती खरंच बुडाली असती. हा एकच मुद्दा माझ्या बाजूचा आहे आणि तो मी संधी मिळेल तिथे सांगते. आईनं मला गोधडीत गुंडाळून चुलीपुढे बसवलं.  मग तिनं ती टोपली उचलली, ज्या पाखरांचं नाव घेतलं तरी तिच्या कपाळाला आठी पडायची ती सगळी माझ्या मांडीवर ओतली आणि चुलीत आणखी एक लाकूड सारलं. मास्तरीण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसली. तिला त्या दिवशी कोणी हाकललं नाही.

पाहुणे जेवून गेले. रोडगे त्यांना फार आवडले. जाताना आत्याबाई स्वयंपाकघरात आल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला, मांडीवरचं एक पिलू उचलून हातात फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "डोस्कं नाही तुले. पन हे चांगले पोसले तू." मी ते होकाराचं लक्षण समजले. निकालाच्या आधीही मी असंच समजायची.

मग निरोपाची वाट बघणं सुरू झालं.  आई बागेत गेली की बराच वेळ नुसती बसून राहायची. टाक्याच्या बाजूचं कुंपण तिनं स्वतः काटे आणून बुजवलं. एके दिवशी भाकरी करता करता ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "येत्या बाजारी सारी पाखरं इकून टाकाची. कोंबड्या, बदकं, सारी. मले माह्या घरात तसलं पुन्हा पाहाचं नाही." मी हो म्हटलं. भांडायला माझ्याजवळ काही उरलं नव्हतं. जी मुलगी बदकांना पाण्यातून वाचवायला जाते तिनं पाखरांचा हट्ट कुठल्या तोंडानं धरायचा? मी खालाला विचारलं, तू ठेवून घेशील का. ती म्हणाली, "मास्तरणीले ठेवीन. बदकाइचं तू पाह्य बापा, माह्या घरी पानीच नाही." मी त्या दिवशी पिलांना चिंध्यांनी एकेक पुसलं. काही गरज नव्हती, ती कोरडीच होती.

बाजाराच्या आदल्या दिवशी बाबा ड्यूटीवरून आले, चाचाला भेटायला गेले नाहीत, सरळ पाटावर बसले. आईनं अंबाडीची भाजी आणि भाकर वाढली. दोन घास खाऊन बाबा म्हणाले, "भगवान भेटला गाडीत." आईचा हात थांबला. मी दाराआड उभी राहिले. "काय म्हने?" आईनं विचारलं. बाबा पाणी प्यायले. "म्हने, पोरगी काही जमत नाही त्याइले. पोराच्या बापाचं म्हननं, पोरगी सरक हाये. आज टाक्यात उडी मारली, उद्या इहिरीत मारन."  मला वाटलं होतं त्याहून ते जास्त लागलं. मुलगा मला आवडलाही नव्हता तरी लागलं. बाबा भाकरीचा तुकडा मोडत राहिले. "अन आनखीन एक निरोप हाये. त्या आत्याबाईचा. म्हने, पोरगी नाही त नाही, पन ते बदकाची एक जोडी भेटन काय?"

 आई उठली. तिच्या हातात भाकरीचं पीठ तसंच होतं.

"काय म्हने?" ती म्हणाली. "बदकं पाह्यजेत? पोरीले नाव ठुतात अन बदकं मांगतात? जेवले माह्या घरी, रोडगे खाल्ले पोटभर, अन आता बदकं बी? तुमी काय म्हटलं?"

"म्या म्हटलं घरी इचारतो."

"इचारतो काय त्यात? एक पीस देनार नाही म्या! सांगा भगवानले. लाख रुपये देल्ले तरी नाही. उद्याच्या बाजारी बी कोनी काही नेनार नाही इथून." ती दाराकडे वळली, मी तिथे उभी आहे हे तिला माहीतच होतं. "अन तू कायले रडून राह्यली? ये, जेव. तुमी तिचा फारम भरा पुन्हा. नापास झाली त झाली. सरक हाये त हाये. पोट्टी माही हाये, अन बदकं बी माही हायेत."

बाबा खाली मान घालून जेवत होते, पण त्यांचे खांदे हलत होते. मी येऊन बसले. आईनं माझ्या ताटात भाकर टाकली, तिच्यावर तेलाची धार सोडली, ठेचा वाढला. पुढे मी पास झाले, नोकरी केली, लोकांनी दोन बऱ्या गोष्टी माझ्याबद्दल म्हटल्याही असतील. पण त्या घरात माझ्यावर कोणी हक्क सांगितला तो त्या दिवशी पहिल्यांदा, आणि तो सांगताना आईनं मला बदकांच्या आधी घेतलं होतं, हे मी अजून विसरलेले नाही.